जयसिंगदादांची मळमळ

जयसिंगदादा खडतऱ्यांना मेळ्यातल्या मोठ्या पाळण्यात बसून मळमळलं नाही, त्या संध्याकाळी त्यांच्या घरी पेढे वाटले गेले. एक माझ्याही हातावर आला. मी तो तोंडात टाकला खरा, पण माझं लक्ष दादांच्या डाव्या हाताकडे होतं. सगळ्यांशी हसून बोलताना तो हात सारखा भिंत चाचपत होता. ज्या घरात जन्म गेला त्या घरात माणूस भिंत का चाचपतो? मी स्वभावानं शंकेखोर आहे. लग्नाच्या मांडवात शिरले तरी माझी नजर आधी खांब पक्का रोवलाय का तिकडे जाते, असं माझा नवरा म्हणतो. त्या संध्याकाळी माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

ग्वाल्हेरला इंदरगंजातल्या आमच्या विमा कचेरीत दादांचं टेबल माझ्या शेजारी होतं. उंचपुरा माणूस, भरघोस मिशा, पाठ नेहमी ताठ. खडतरे म्हणजे दख्खनेतून इकडे आलेलं घोडदळातलं घराणं. आता घोडे नाहीत, जमिनी नाहीत, नई सडकेच्या मागच्या गल्लीत तीन मजली घर आहे आणि बैठकीच्या खोलीत खुंटीवर एक जुनं खोगीर आहे. आणि या घराण्याच्या वारसाला टेम्पोत बसलं की उलटी व्हायची. टेम्पोतच काय, झोपाळ्यावर, लिफ्टमध्ये, कुणी शेजारी बसून पाय हलवला तरी त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा व्हायचा. त्यांच्या घरात ‘उलटी’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. ‘दादांचं हललं’ असं म्हणायचे. खोगिराच्या खाली बसून त्याहून जास्त काय बोलणार!

हललं की दादा लाजायचे, पण हार मानायचे नाहीत. जन्मभर त्यांनी या मळमळीशी एक प्रकारचा संसारच केला होता. बसमध्ये पुढची सीट, खिडकी उघडी, नजर लांब समोर. वाचायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. पोट रिकामं ठेवायचं नाही आणि भरायचंही नाही. कोरडे फुटाणे, आल्याची वडी, हुंगायला लिंबू. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पोटाला आधी सांगून ठेवायचं. हे ते खरोखरच करायचे. बस सुटायच्या आधी सदऱ्यावरून पोटावर हात फिरवत हलक्या आवाजात म्हणायचे, “हे बघ, आता शिवपुरीपर्यंत डोलायचं आहे. घाबरू नको. पोहोचलो की चाय.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसून लोळायची बाकी राहिले होते.

“हसून घ्या मुळेताई,” ते म्हणाले. “पण पोटाला धोका दिलेला चालत नाही. सांगून ठेवलं तर ते निभावून नेतं.”

कचेरीतल्या सक्सेनाला हाच त्रास. त्याची सासुरवाडी डोंगरात, आणि दर खेपेला तो सासऱ्यांच्या दारात हिरवापिवळा होऊन उतरायचा. दादांनी त्याला समोर बसवून सगळी विद्या दिली. तो परत आला तो मिठाईचा डबा घेऊनच. “दादासाहब, आप तो डॉक्टर निकले!” दादांनी डबा ठेवून घेतला आणि मला म्हणाले, “याची गेली. माझी काही जात नाही.” ते असं म्हणाले की मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

दया यायला कारण होतं. खडतऱ्यांच्या घरची एक रीत होती. लेकीचं लग्न झालं की पहिल्याच मेळ्यात सासऱ्यानं नव्या जावयाला घेऊन मोठ्या पाळण्यात बसायचं, दोघांनीच, एका पाळण्यात. ही रीत दादांच्या आजोबांनी काढली म्हणे. जावयाला घोड्यावर बसवून पारखण्याचे दिवस गेले, तर निदान पाळण्यात तरी बसवून बघू, असा त्यांचा हिशेब. वर गेल्यावर जावई किंचाळतो, डोळे मिटतो की मिशीत हसतो, ते सासरा खाली येऊन सगळ्यांना सांगायचा आणि मग वर्षभर चेष्टा चालायची. इथे गंमत अशी की पारखणाऱ्याचीच धडगत नव्हती. ऋतुजा, त्यांची एकुलती एक लेक, कॉलेजात गेली तेव्हापासून दादांना त्या पाळण्याचा धसका होता. दर हिवाळ्यात ते एकटे मेळ्यात जाऊन सराव करायचे. पाळण्यात बसायचे, उतरायचे आणि पापडाच्या दुकानांमागे जाऊन मोकळे व्हायचे. पाळणेवाला त्यांना ओळखायला लागला होता. ते दिसले की न सांगता प्लास्टिकची थैली पुढे करायचा.

गेल्या पावसाळ्यात दादा आजारी पडले. मूत्रपिंडाला सूज आली, ताप हटेना. गल्लीतल्या डॉक्टरनं इंजेक्शनं सुरू केली. दंडाला जागा उरली नाही इतकी ती चालली. ताप गेला, दादा उठले, कचेरीत आले. थोडे वाळले होते, एवढंच. तुळशीच्या लग्नानंतर ऋतुजाचं लग्न झालं. जावई अनिकेत इंदूरचा, कमी बोलणारा, चांगला मुलगा. लग्नात दादा मांडवभर फिरत होते, पण मला आठवतं, ते चालताना पाय जरा फाकवून टाकत होते. दुखण्यातून उठलेला माणूस, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

मेळा भरला. रीतीचा दिवस ठरला. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, मलाही बोलावलं. त्यांचे हात गार पडले होते. “ताई, मी ओरछ्याच्या रामराजाला नवस बोलून ठेवलाय,” त्या माझ्या कानात म्हणाल्या. “जावयासमोर यांची लाज राहिली तर ओरछ्याला नेऊन बेतवेत डुबकी मारवीन.”

दादांनी पोटावर हात फिरवला, काहीतरी पुटपुटले आणि अनिकेतचा हात धरून पाळण्यात चढले. पाळणा फिरायला लागला. आम्ही खाली माना वर करून उभ्या. वहिनींच्या हातात पाण्याची बाटली, लिंबू, टॉवेल, सगळा सरंजाम. पाळणा वेगात आला तशी शेजारच्या बायका ओरडायला लागल्या. मी दादांचा पाळणा शोधत होते. तो वर जायचा, खाली यायचा, आणि दर वेळी त्यांचा चेहरा तसाच. राखेचा रंग नाही, आवळलेले ओठ नाहीत. जावई दांडीला घट्ट धरून बसला होता आणि दादा बाजारातून पायी हिंडत असावेत तसे इकडेतिकडे बघत होते.

पाळणा थांबला. अनिकेत उतरला तो पांढराफटक. मागून दादा.

“काहीच नाही झालं!” ते म्हणाले. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. “अगं, काहीच नाही! बिलकुल नाही!”

पाळणेवाला थैली धरून उभा होता तो तसाच राहिला. “आज नहीं लगी, दादासाहब?”

“फेंक दे उसको!” दादा ओरडले आणि मिशांतून हसले. मग ते नावेत बसले. दोन्ही टोकांना आकाशात जाणारी ती नाव, जिच्या नुसत्या आवाजानं ते पूर्वी रस्ता बदलायचे. नावेतूनही तसेच उतरले. ऋतुजानं टाळ्या पिटल्या, वहिनींनी तिथेच हात जोडले. मला मात्र एक गोष्ट दिसली. आकाशात स्थिर बसलेला हा माणूस जमिनीवर पाय टेकताच डळमळला आणि त्यानं जावयाचा खांदा धरला.

त्यानंतरचे पेढे मी सांगितलेच.

दादांचं आयुष्य एकदम खुललं. टेम्पोत मागे बसून ते सक्सेनाशी गप्पा मारायचे. लिफ्टनं उगाच वरखाली करायचे. “कुठे गेली कोण जाणे, पण गेली बघा ताई!” हे दिवसातून कितीदा तरी. आणि त्याच वेळी बाकीचं काहीतरी बिघडत चाललं होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत आम्ही नई सडकेवरून चालत होतो तेव्हा ते मध्येच थांबले.

“ताई, या दुकानांच्या पाट्या हलतात का?”

“कुठल्या पाट्या?”

“सगळ्याच. मी चालतो तेव्हा हलतात, उभा राहिलो की बंद. चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतोय.”

त्यांनी नवा चष्मा केला. पाट्या हलायच्या थांबल्या नाहीत. मग त्यांनी चालता चालता थांबून वाचायची सवय लावून घेतली. या माणसाला निभावून न्यायची इतकी सवय होती की आपण काय निभावतोय तेच त्याला कळत नव्हतं. तेच मला भीतीदायक वाटायचं. दुसरा कुणी असता तर बोंबलत डॉक्टरकडे गेला असता.

एका संध्याकाळी कचेरीत लाइट गेली. आम्ही जिन्यात होतो. अंधार झाला तसे सगळे थांबले, कुणी मोबाइलची बत्ती शोधू लागलं, आणि मागून काहीतरी जड कोसळल्याचा आवाज आला. दादा पडले होते. घसरले नव्हते, कुणाचा धक्का लागला नव्हता. उभे होते, अंधार झाला आणि पडले. बत्तीच्या उजेडात ते पायरीला दोन्ही हातांनी धरून बसलेले दिसले. कपाळाला खोक पडली होती.

“चक्कर आली का दादा?” मी विचारलं.

“नाही ना!” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा घाबरलेला होता. “चक्करच तर येत नाही. चक्कर आली असती तर मी सांभाळून घेतलं असतं.”

मी त्यांना त्याच वेळी म्हटलं की डॉक्टरकडे चला, मोठ्या डॉक्टरकडे. ते म्हणाले, नवस फिटू दे, मग बघू. मी वहिनींना गाठलं. पाट्या, जिना, भिंतीवरचा हात, सगळं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं की यातलं त्यांनाही सगळं ठाऊक आहे.

“ताई, जन्मात पहिल्यांदा हा माणूस सुखानं गाडीत बसतोय,” त्या म्हणाल्या. “देवाचं बोललेलं आधी पुरं करून घेते. त्यात आळस केला आणि परत सुरू झालं तर?”

त्यांना ती मळमळ परत येण्याची भीती होती. मला ती गेली कुठे याची.

ओरछ्याला जाताना अनिकेत गाडी चालवत होता. मला पुढे बसवलं. मागे वहिनी, ऋतुजा आणि दादा. वळणावळणाच्या रस्त्यावर दादा मागच्या सीटवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मोठ्यानं, आम्हाला ऐकवत. ऋतुजा व्हिडिओ काढत होती. “बाबा, क्या बात है! पूर्ण पान वाचलं तुम्ही!” सगळे हसत होते. गाडी एका खड्ड्यात जोरात आदळली, माझं पोट ढवळलं, वहिनींनी तोंडाला पदर लावला. दादा पुढची बातमी वाचायला लागले होते. माझ्या अंगावर काटा आला. मागे कुणीतरी भलतंच बसलंय असं वाटलं.

बेतवेचं पाणी घाटाजवळ फार नव्हतं, छातीपर्यंत असेल. ऊन चांगलं पडलं होतं. दादा लहानपणापासून पोहणारे, त्यामुळे कुणाला काळजी नव्हती. ते दोन पावलं पुढे गेले, नाक धरलं आणि डुबकी मारली.

वर आले नाहीत.

आधी ऋतुजा हसली. तिला वाटलं, बाबा मस्करी करतायत. पाण्यात त्यांचा पांढरा बनियन दिसत होता. हात हलत होते, पाय हलत होते, जोरजोरात. ते पोहत होते. पण खाली पोहत होते, तळाकडे. मग कुशीवर वळून आडवे, मग पुन्हा तळाकडे. छातीभर पाण्यात एक पोहता येणारा माणूस वरची दिशा शोधत होता आणि ती त्याला सापडत नव्हती. “बाबा! बाबा, ऊपर आओ!” ऋतुजा किंचाळली. अनिकेतनं कपड्यांसकट उडी घेतली आणि काखेत हात घालून त्यांना खेचून वर काढलं.

घाटावर त्यांना आडवं केलं. खोकून खोकून पाणी गेलं, श्वास लागला. वहिनी त्यांचे पाय चोळत होत्या आणि तोंडानं नुसतं रामराजा, रामराजा. दादांनी माझ्याकडे बघितलं.

“ताई, वर कुठे आहे तेच समजेना,” ते म्हणाले. “डोळे मिटले आणि सगळीकडे सारखंच झालं.”

दुसऱ्याच दिवशी अनिकेत त्यांना दिल्लीला घेऊन गेला. तिथे काय झालं ते त्यानंच मला नंतर सांगितलं. डॉक्टरनं बऱ्याच तपासण्या केल्या. शेवटी त्यांना आडवं करून कानात गार पाणी सोडलं. अशानं धडधाकट माणसाला गरगरतं, मळमळतं, कुणी उलटीही करतं, असं आधीच सांगून ठेवलं होतं. दादांनी खाटेची कड धरून ठेवली. एका कानात पाणी गेलं. डॉक्टर त्यांच्या डोळ्यांकडे बघत थांबले. दुसऱ्या कानात गेलं. पुन्हा थांबले.

“कुछ नहीं हुआ, डॉक्टर साहब!” दादा म्हणाले, आणि अनिकेत सांगत होता की ते अभिमानानं म्हणाले. “एकदम कुछ नहीं!”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि समजावून सांगितलं. कानाच्या आत तोल सांभाळणारी एक जागा असते. आपण वर आहोत की खाली, हलतोय की थांबलोय, ते तीच सांगते. पाळण्यात मळमळतं तेही तिच्याचमुळे. पावसाळ्यातल्या त्या इंजेक्शनांनी दोन्ही कानांतली ती जागा मेली होती. त्यांनी ताप उतरवला आणि जाताना तोलही नेला. तो परत यायचा नाही. आता डोळे आणि पाय यांच्या भरवशावर चालायचं. स्कूटर बंद, पाण्यात उतरणं बंद, अंधारात एकट्यानं पाऊल टाकायचं नाही.

“मग ती माझी तब्येत हलायची,” दादांनी विचारलं, “ती आता कधीच नाही?”

“कधीच नाही,” डॉक्टर म्हणाले. अनिकेत म्हणतो, ग्वाल्हेर येईपर्यंत बाबा सदऱ्यावरून पोटावर हात फिरवत होते.

माझी जबलपूरला बदली झाली ती त्याच सुमारास. त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं फक्त. त्यांनी काठी घेतली. सगळ्या जिन्यांना दोन्ही बाजूंनी कठडे बसवून घेतले. आणि या पावसाळ्यात एकदा तिन्हीसांजेला गच्चीवरचे कपडे काढायला गेले असताना लाइट गेली. वहिनींचा फोन आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “ताई, ते गच्चीवरून पडले. गेले.”

मला दादा शेवटचे दिसले ते मात्र मेळ्यात, जबलपूरला निघायच्या आदल्या दिवशी. मेळा उठत आला होता. अर्ध्या दुकानांनी गाशा गुंडाळला होता. मी लोणच्याच्या बरण्या घ्यायला गेले होते. तिथे गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांचा तो खेळ असतो ना, खालचा चौथरा फिरतो आणि त्यावरची प्रत्येक गाडी स्वतःभोवती गरगरते, त्याच्या कठड्याला धरून वहिनी उभ्या दिसल्या. हातात तिकिटांची पट्टी.

“इथे काय करताय?” मी विचारलं.

त्यांनी नुसती हनुवटीनं खूण केली. एका गाडीत दादा एकटे बसले होते.

“दुपारपासून बसलेत,” वहिनी म्हणाल्या. “उतरतच नाहीत. म्हणतात, डॉक्टर काही देव नाही. थोडं जरी हललं ना, तरी समजायचं आत काहीतरी जिवंत आहे. मला तिकिटं काढत राहा म्हणतात.” त्यांचा आवाज फुटला. “काय करू ताई? मी पण देवाला तेच मागून राहिले आहे आता. एकदा होऊ दे. कपडे खराब होऊ दे, माझ्या अंगावर होऊ दे.”

मी त्यांचा हात धरला. शंकेखोर बाई मी, पण त्या घटकेला मीही मनापासून तेच मागितलं.

गाड्या थांबल्या. एक कॉलेजातली मुलगी धडपडत उतरली आणि कठड्याशी वाकून भडाभडा ओकली. मैत्रिणी तिची पाठ चोळत हसत होत्या. दादा आपल्या गाडीतून तिच्याकडे टक लावून बघत होते. इतक्या हेव्यानं मी कुणाला कुणाकडे बघताना पाहिलेलं नाही. खेळवाला पोरगा तिकीट घ्यायला आला तेव्हा वहिनींनी आणखी एक फाडून दिलं.

“अंकलजी को तो कुछ होता ही नहीं, मैडम,” तो कौतुकानं म्हणाला. “लोहे का पेट है!”

भोंगा वाजला. चौथरा हलला, गाड्या गरगरायला लागल्या, पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. दादांची गाडी आमच्या समोरून गेली. त्यांनी दांडी सोडून दिली होती. डोळे मिटले होते, तोंड जरासं उघडं होतं, आणि ते वाट बघत होते.